कर्करोग, प्रतिकारशक्ती आणि लॉइड ओल्ड यांचे शोधनिबंध

१९५९ साली ‘नेचर’ या ब्रिटिश नियतकालिकात उंदरांवरच्या एका प्रयोगाचा छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पहिले लेखक लॉइड ओल्ड तेव्हा पंचविशीत होते. कॅलिफोर्नियात वैद्यकीची पदवी घेऊन ते वर्षभरापूर्वीच न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत आले होते. क्लार्क आणि बेनासेराफ या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उंदरांना बीसीजी टोचली आणि मग त्यांच्या अंगात कर्करोगाच्या गाठीचे रोपण केले. बीसीजी म्हणजे क्षयाची तीच लस, जी आपल्याकडे नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डाव्या दंडावर देतात. लस टोचलेल्या उंदरांनी त्या गाठींना साध्या उंदरांपेक्षा चांगला विरोध केला. लशीतल्या जीवाणूंनी उंदराची प्रतिकारशक्ती अशी काही चेतवली होती, की तिने क्षयाशी काडीचाही संबंध नसलेल्या गाठीवर मोर्चा वळवला. या निबंधानंतर सतरा वर्षांनी, १९७६ साली, कॅनडातील किंग्स्टनच्या अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगाच्या नऊ रुग्णांवर बीसीजी वापरून पाहिल्याचे जाहीर केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या उपचाराला मान्यता दिली ती १९९० मध्ये. आज जगभर हा उपचार नेहमीचा झाला आहे. लस नळीने थेट मूत्राशयात सोडतात, बहुधा आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही या कामासाठीची बीसीजी तयार होते.

एका निबंधापासून मान्यताप्राप्त उपचारापर्यंत पोचायला एकतीस वर्षे लागली. निबंधाचे मोल मोजण्याची हल्लीची रीत मात्र वेगळी आहे. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये फिलाडेल्फियाहून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढायला सुरुवात केली. कोणत्या निबंधाचा उल्लेख कुणी, किती वेळा केला याची नोंद त्यानंतर पद्धतशीर ठेवली जाऊ लागली. २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला आणि संशोधकाची अख्खी हयात एका आकड्यात बसवण्याची सोय झाली. नेमणुका, बढत्या, अनुदाने यांच्या बैठकांत हा आकडा आता हुकमी चालतो. ओल्ड यांच्या नावावर शेकडो निबंध आहेत आणि त्यांचा आकडाही भक्कमच भरेल. पण त्यांच्या कामाचे खरे वजन त्या आकड्यात दिसत नाही, असे माझे म्हणणे आहे. ओल्ड यांना आयुष्यभर एकच गोष्ट हवी होती: कर्करोगाच्या पेशीवरची अशी खूण, जी प्रतिकारशक्तीला ओळखता येईल आणि जिच्यावर उपचार उभारता येईल. ती त्यांना हवी तशी जवळजवळ कधीच मिळाली नाही. दर वेळी हाती दुसरेच काहीतरी लागले, आणि ते त्यांनी इतके काटेकोर लिहून ठेवले की इतरांना ते उचलून भलत्याच दिशेला नेता आले. संशोधकाची मूळ आशा फोल ठरल्यावरही त्याच्या निबंधांतले किती टिकून राहते, या कसोटीला ओल्ड यांच्याइतकी उतरणारी कारकीर्द विसाव्या शतकातल्या कर्करोग-संशोधनात शोधूनच काढावी लागेल.

ही आशा त्यांच्याकडे वारशाने आली होती. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ पासून कर्करोगाच्या गाठींत मुद्दाम जीवाणू टोचायला सुरुवात केली होती. धावरे होऊन तापलेल्या एका रुग्णाची मानेवरची गाठ नाहीशी झाल्याची नोंद त्यांना रुग्णालयाच्या जुन्या कागदपत्रांत सापडली होती. पुढे जिवंत जीवाणूंऐवजी दोन जातींच्या मारलेल्या जीवाणूंचे मिश्रण ते वापरू लागले. काही रुग्ण बरे झाले, बरेचसे झाले नाहीत. मिश्रण दर वेळी सारखे बनत नसे, आणि ते नेमके काय करते हे कुणालाच सांगता येत नव्हते. क्ष-किरणांचे युग आले आणि कोलींचे नाव मागे पडले. १९३६ मध्ये ते वारले. त्यांची कन्या हेलन कोली नॉट्स हिने वडिलांची टिपणे चाळून हजारांहून अधिक रुग्णांच्या हकिगती जुळवल्या आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट’ सुरू केली. तिच्या हाती वैद्यकीची पदवी नव्हती, होती ती कमालीची चिकाटी. मधल्या काळात, १९४३ मध्ये, मरे शिअर यांनी कोलींच्या मिश्रणातल्या एका जीवाणूपासून गाठींना मारणारा पदार्थ वेगळा केला होता. आज आपण त्याला एण्डोटॉक्सिन म्हणतो. ओल्ड या परंपरेत सामील झाले ते इथे. १९७१ पासून अखेरपर्यंत नॉट्सबाईंच्या संस्थेची वैज्ञानिक धुरा त्यांच्याकडे होती. पण कोलींचा वारसा त्यांनी श्रद्धेने चालवला नाही. कोलींचे मिश्रण चांगले की वाईट या वादात ते शिरलेच नाहीत. ते टोचल्यावर शरीरात काय घडते, एवढेच त्यांनी विचारले.

या प्रश्नातून निघालेला १९७५ चा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. एण्डोटॉक्सिन टोचले की उंदराच्या गाठीचा मधला भाग काळा पडून सडतो, हे माहीत होते. पण परीक्षानळीत तेच एण्डोटॉक्सिन गाठीच्या पेशींवर टाकले तर त्यांना फारसे काही होत नसे. म्हणजे मारणारे दुसरेच कुणीतरी होते. एलिझाबेथ कार्सवेल, ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी उंदरांना बीसीजीची लागण करून ठेवली, मग एण्डोटॉक्सिन टोचले, आणि सुमारे दोन तासांनी त्यांचे रक्त काढून त्यातले सीरम वेगळे केले. हे सीरम गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिले, तर चोवीस तासांत त्यांच्या गाठींचा गाभा काळा पडला. ज्यांना बीसीजी दिली नव्हती पण एण्डोटॉक्सिन दिले होते, त्या उंदरांच्या सीरममध्ये हा गुण नव्हता. सीरममध्ये उरलेल्या एण्डोटॉक्सिनमुळे हे घडले नसावे ना, ही शंकाही त्यांनी तपासून बाजूला काढली. उरले ते उंदराच्या स्वतःच्या पेशींनी सोडलेले द्रव्य. त्याला त्यांनी ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, टीएनएफ, असे नाव दिले. जवळपास ऐंशी वर्षांपूर्वी कोलींनी जे पाहिले होते, त्यामागचा एक दुवा हाती आला होता. त्या काळी या क्षेत्रातल्या कुणालाही वाटावे तसेच वाटले, की कर्करोगाचे औषध शरीरातच सापडले.

तसे झाले नाही. १९८४ मध्ये माणसाच्या टीएनएफचे जनुक वेगळे केले गेले, द्रव्य हवे तेवढे बनवता येऊ लागले आणि रुग्णांना देऊन पाहिले गेले. ताप भडकला, रक्तदाब कोसळला. गाठीला मारण्याइतकी मात्रा माणसाला सोसत नव्हती. १९८५ मध्ये बॉयटलर आणि चेरामी यांनी दाखवून दिले की दीर्घ आजारात शरीर झिजवणारे म्हणून ते ज्या द्रव्याच्या मागावर होते, ते आणि टीएनएफ एकच. युरोपात १९९९ मध्ये हातापायाच्या सार्कोमासाठी, फक्त त्या अवयवापुरते रक्ताभिसरण वेगळे काढून टीएनएफ देण्याला मान्यता मिळाली. कर्करोगावरचे औषध म्हणून त्याची मजल तिथेच थांबली. मग लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी प्रश्न उलटा केला. हे द्रव्य इतकी आग पेटवते, तर संधिवाताने सुजलेल्या सांध्यांत ते अडवले तर? १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफला बांधून ठेवणारी अँटीबॉडी रुग्णांना दिली आणि सांधे मोकळे होऊ लागले. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही त्या वाटेवरची औषधे. त्यांतले अडालिमुमॅब पुढे कित्येक वर्षे जगात सर्वाधिक विक्रीचे औषध होते. ही औषधे घेणाऱ्यांत दबून बसलेला क्षय उसळतो, असे २००१ च्या सुमारास लक्षात आले, कारण क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे काम टीएनएफच करत असते. म्हणून आपल्याकडे हे उपचार सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी होते. टीएनएफ प्रथम दिसले ते क्षयाच्या लशीची लागण केलेल्या उंदरांच्या रक्तात, हा निव्वळ योगायोग नव्हता.

यावर कुणी म्हणेल, की टीएनएफचा १९७५ चा तो निबंध तो ज्या नियतकालिकात आला त्याच्या सर्वांत गाजलेल्या निबंधांपैकी आहे, असंख्य निबंधांत त्याचा उल्लेख होतो. म्हणजे मोजणीने त्याला बरोबर हेरलेच की. हे खरे आहे, आणि मोजणी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पण उल्लेखांचा ढीग पाहून ‘कर्करोगाचे मोठे काम’ असा अर्थ काढणारा फसेल, कारण त्यातला फार मोठा वाटा सूज, सांधे, आतडी आणि त्वचा यांच्या अभ्यासकांचा आहे. आकड्याला दिशा नसते. शिवाय तो सगळ्याच वेळी हेरतो असेही नाही. १९७९ साली ओल्ड यांच्या गटाने, डीलिओ यांना पहिले लेखक करून, उंदरांच्या रसायनजन्य गाठींत आढळणारे एक प्रथिन नोंदवले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लेन आणि क्रॉफर्ड यांनी, तर अमेरिकेत लिन्झर आणि लेव्हिन यांनी एसव्ही-४० या विषाणूच्या प्रथिनाला चिकटून असलेले असेच प्रथिन पकडले होते. हेच ते पी-५३, ज्याचे जनुक माणसाच्या कर्करोगांत सर्वाधिक वेळा बिघडलेले आढळते. त्याच्या इतिहासात लेन आणि लेव्हिन यांची नावे आधी येतात, ओल्ड यांचे मागाहून. विषाणूच्या वाटेने आलेल्यांना हे प्रथिन विषाणूशी जोडलेले दिसले. ओल्ड यांच्या निबंधाने दाखवले की विषाणूचा संबंध नसलेल्या गाठींतही ते आहे. ते शोधत होते प्रतिकारशक्तीला ओळखू येणारी खूण, आणि त्या अर्थाने पी-५३ ने त्यांना हुलकावणीच दिली. १९८९ पर्यंत तर जग त्याला कर्करोग घडवणारे प्रथिन समजत होते. ते कर्करोग रोखणारे आहे हे तेव्हा कुठे ठरले. गाठींतल्या पेशींत हे प्रथिन आढळते, ही १९७९ ची नोंद मात्र या उलथापालथीतही जागची हलली नाही.

त्यांच्या सर्वांत सुपीक काळाकडे, म्हणजे १९६० च्या दशकाकडे, मला अधिक थांबून पाहावेसे वाटते. एडवर्ड बॉइस या ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर ओल्ड उंदरांच्या ल्युकेमियाच्या पेशी तपासत होते. पद्धत जुनी आणि साधी होती: एका वाणाच्या उंदराला दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचायच्या, त्याच्या सीरममध्ये तयार झालेल्या अँटीबॉडी गोळा करायच्या, आणि त्या कोणत्या पेशींना पकडतात हे एकेक करून पाहायचे. १९६३ मध्ये त्यांना ल्युकेमियाची खूण सापडली असे वाटले. पण काही वाणांच्या निरोगी उंदरांच्या थायमस ग्रंथीतही तीच खूण होती. दुसऱ्या कुणी हा प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. या दोघांनी प्रश्नच बदलला: मग निरोगी पेशीही आपापल्या जातीच्या खुणा अंगावर वागवतात का? १९६८ मध्ये त्यांनी पांढऱ्या पेशींवरच्या अशा दोन खुणा जाहीर केल्या. त्यांतली एक आज सीडी-८ म्हणून ओळखली जाते. १९७५ मध्ये बॉइस आणि कँटर यांनी या खुणांच्या आधाराने मदतनीस टी-पेशी आणि मारेकरी टी-पेशी वेगळ्या ओळखल्या, आणि प्रतिकारशास्त्राची मांडणीच बदलली. प्रयोगशाळेच्या अहवालात सीडी-४, सीडी-८ असे आकडे छापले जातात, त्यामागची विचारसरणी या उंदरांच्या सीरममधून आलेली आहे. याच दशकात, १९६४ मध्ये, लिली, बॉइस आणि ओल्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की उंदराला विषाणूजन्य ल्युकेमिया होण्याचा कल एच-२ या जनुकसंचाशी जोडलेला आहे. परक्या अवयवाचे रोपण नाकारण्यापलीकडे हा संच रोगाचा कलही ठरवतो, हे पहिल्यांदा कळले. १९६६ मध्ये बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी तपासताना नाक-घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या सीरममध्येही त्या सापडल्या, आणि एपस्टाइन-बार विषाणूचा त्या कर्करोगाशी असलेला संबंध पुढे आला.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. हे सगळे ओल्ड यांचे का मानायचे? बॉइस होते, कार्सवेल होत्या, वर्षानुवर्षे सीरमची तपासणी करणाऱ्या एलिझाबेथ स्टॉकर्ट होत्या. कित्येक निबंधांत ओल्ड पहिले लेखक नाहीत. टीएनएफच्या निबंधात ते दुसरे आहेत. या आक्षेपाला पळवाट नाही आणि ती काढूही नये. हे यश एका प्रयोगशाळेचे आहे. त्यातले ओल्ड यांचे स्वतःचे म्हणता येईल असे एकच: चार दशके एकच प्रश्न एकाच पद्धतीने विचारला जात राहील, अशी माणसे आणि पैसा त्यांनी एकत्र ठेवला. सहलेखकांच्या यादीतल्या क्रमावरून हे काम दिसत नाही, आणि एच-इंडेक्स तर यादीतल्या प्रत्येकाला सारखेच गुण देतो.

हा प्रश्न विचारत राहणे किती अवघड होते, ते समजायला १९७४ साल पाहावे लागते. अंगात उपजणाऱ्या कर्करोगाच्या पेशी प्रतिकारशक्ती सतत टिपून मारत असते, ही कल्पना बर्नेट आणि थॉमस यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मांडली होती. ओसियास स्टुटमन यांनी ती पडताळली. थायमस नसलेल्या, म्हणजे टी-पेशींना मुकलेल्या, केसहीन उंदरांना आणि साध्या उंदरांना त्यांनी कर्करोगकारक रसायन टोचले. दोन्हींत गाठी सारख्याच झाल्या. ‘सायन्स’मधल्या या निबंधाने बर्नेट यांची कल्पना जवळपास मोडीत काढली. प्रयोग चोख होता, निष्कर्ष त्या काळच्या ज्ञानाला धरून होता. त्या उंदरांत थोड्या टी-पेशी आणि भरपूर ‘नॅचरल किलर’ पेशी असतात, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पुढची जवळपास दोन दशके कर्करोग-प्रतिकारशास्त्राकडे मुख्य प्रवाहातले जीवशास्त्रज्ञ संशयाने पाहत राहिले. २००० मध्ये हॅनहन आणि वाइनबर्ग यांनी कर्करोगाची सहा लक्षणे सांगणारा आपला विख्यात लेख लिहिला, त्यात प्रतिकारशक्तीला चुकवण्याचे लक्षण नव्हते. लगेच २००१ मध्ये रॉबर्ट श्राइबर, ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकबदल करून टी आणि बी या दोन्ही पेशींना पूर्ण मुकलेले उंदीर घेऊन स्टुटमन यांचाच प्रश्न पुन्हा विचारला. या उंदरांत गाठी जास्त झाल्या. आणखी एक गोष्ट दिसली: त्या गाठी निरोगी उंदरांत रोवल्या तर त्यांतल्या बऱ्याच नाकारल्या जात. म्हणजे प्रतिकारशक्ती गाठींना मारते, आणि त्याबरोबरच ज्या तिच्यातून सुटतात त्यांना घडवतेही. २०११ मध्ये हॅनहन आणि वाइनबर्ग यांनी आपली यादी वाढवली, तेव्हा प्रतिकारशक्तीला चुकवणे हे लक्षण तीत आले.

तिसरा आक्षेप असा, की आपण जिंकलेल्याची गोष्ट मागे वळून सांगत आहोत. चुकीच्या कल्पनेला आयुष्यभर चिकटून राहिलेले संशोधक शेकड्याने असतील. ओल्ड यांचा हेका बरोबर ठरला म्हणून त्याला आपण धीर म्हणतो. २००१ चा निबंध हीच त्यांची मिळकत असती तर हा आक्षेप मी मान्य केला असता. पण स्टुटमन शेवटपर्यंत बरोबर ठरले असते, शरीर कर्करोगावर पहारा देतच नाही असे सिद्ध झाले असते, तरी सीडी-८ ची खूण खरी राहिली असती. टीएनएफ, पी-५३, एच-२ चा ल्युकेमियाशी असलेला दुवा, नाक-घशाच्या कर्करोगातला विषाणू, यांपैकी काहीच हलले नसते. ओल्ड यांच्या निबंधांत गृहीतक आणि निरीक्षण यांचे खाते वेगळे ठेवलेले असते. कोली आणि ते यांच्यात फरक आहे तो इथे. कोलींची निरीक्षणे त्यांच्या उपचारावरच्या विश्वासात इतकी गुंतली होती की तो विश्वास ओसरल्यावर तीही फेकली गेली. १९७० च्या दशकात बीसीजीवरही असाच उत्साह उसळला होता, ल्युकेमियापासून मेलनोमापर्यंत ती वापरून झाली, आणि बहुतेक ठिकाणी निराशा झाली. मूत्राशयात ती टिकली, आणि उंदरांवरची १९५९ ची नोंद उत्साह असताना जितकी खरी होती तितकीच तो ओसरल्यावरही राहिली.

रुग्णांना त्यांच्या हयातीत काय मिळाले, हा चौथा आक्षेप, आणि याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. लुडविग इन्स्टिट्यूटचे प्रमुख असताना ओल्ड यांनी कर्करोगावरच्या लशींच्या लहान-लहान चाचण्या अनेक देशांत चालवल्या, आणि ज्या लशींची आशा होती त्या आल्या नाहीत. २५ मार्च २०११ रोजी अमेरिकेत इपिलिमुमॅब या कर्करोगावरच्या औषधाला मान्यता मिळाली, तो ॲलिसन या संशोधकाच्या वाटेचा विजय होता. त्यात ओल्ड यांना हवी असलेली खूण लागतच नव्हती, टी-पेशींवरचा ब्रेक काढला की पुरत होते. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ओल्ड प्रोस्टेटच्या कर्करोगाने वारले. २०१८ चे नोबेल ॲलिसन आणि होन्जो यांना मिळाले. खुणेचा शोध मात्र पूर्ण वाया गेला असेही नाही. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या स्वतःच्याच अँटीबॉडी वापरून एनवाय-ईएसओ-१ हा अँटिजेन शोधला. निरोगी प्रौढात तो जवळजवळ फक्त वृषणात आढळतो आणि अनेक कर्करोगांत उगवतो. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रॉबिन्स, रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी या अँटिजेनवर नेम धरलेल्या टी-पेशी दिल्या, तेव्हा सायनोव्हियल सार्कोमाच्या सहापैकी चार आणि मेलनोमाच्या अकरापैकी पाच रुग्णांच्या गाठी आकसल्या. १९९७ च्या निबंधावर दहा जणांची नावे आहेत, शेवटचे ओल्ड यांचे. तिसरे आणि चौथे नाव जर्मनीतल्या दोन तरुण डॉक्टरांचे: उगुर शाहिन आणि ओझलेम ट्युरेजी. कर्करोगावर लस काढायची म्हणून या दोघांनी २००८ मध्ये बायोएनटेक ही कंपनी स्थापन केली. २०२० मध्ये तिची लस आली ती कोविडवर, आणि कर्करोगावरच्या लशीच्या चाचण्या तिथे अजून चालू आहेत.